बगळे आणि माझा उजवा हात

“मगदूम, हात धुऊन या,” सर म्हणाले.

रविवारची सकाळ. सांगलीच्या गावभागात कबनूरकर सरांच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती, आणि तिच्यात आम्ही सहा विद्यार्थी आपापल्या बोर्डांमागे बसलो होतो. विद्यार्थी आपलं म्हणायचं. त्यातला सगळ्यात कोवळा मी, आणि मला एकतिसावं लागलेलं.

मी हात धुऊन आलो. मला वाटलं, सर आज हातात हात धरून काहीतरी शिकवणार. चार वर्षांत तसं कधी झालं नव्हतं, पण माणसानं आशा सोडू नये.

“साबणानं धुतला?”

“साबणानं.”

“पुसला?”

“पुसला, सर.”

“आता तो इथं ठेवा.” सरांनी हेर्लेकर बाईंच्या चित्राकडं बोट दाखवलं. “सबंध तळवा. आणि मी सांगेपर्यंत उचलायचा नाही.”

हेर्लेकर बाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या. साठीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांच्या. त्यांनी कृष्णेचा घाट काढला होता आणि घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं. धोतरं अशी लख्ख पांढरी, की गेले दोन रविवार मी त्या चित्राकडं बघायचंच टाळत होतो. मत्सर वाईट. मी बाईंकडं बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. मी हात ठेवला.

हा काय प्रकार होता हे कळायला माझ्या हाताची ओळख हवी. मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. वर्षभरापूर्वी तिथले रबरी हातमोजे घातले की अंगावर गांधी उठायला लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असं निदान केलं आणि काय काय टाळायचं याची यादी दिली. हातमोजे, फुगे, रबरबँड, गंजीफ्रॉकाचं इलॅस्टिक. स्वतःच्या आजाराबाबत मी उदार माणूस आहे. ती यादी मी क्लासमध्ये तीन रविवार वाचून दाखवली होती. सर ऐकत नाहीत अशी माझी समजूत होती.

आणि सरांची ओळख हवी. जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरा असतो तो कागद, हे सरांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. जिथं पांढरं हवं ती जागा ब्रशनं चुकवत रंग न्यायचा. याला सर ‘कागद राखणं’ म्हणत. याच्यावर बाजारात एक पळवाट मिळते, मास्किंग फ्लुइड. रबराचा पातळ चीक असतो, अमोनियाच्या वासाचा. पांढऱ्या जागेवर आधी तो लावायचा, वाळला की वरून बिनधास्त रंग फासायचा, आणि शेवटी चीक बोटानं चोळून काढायचा. खाली कागद कोराच्या कोरा. सर याला ‘ट्यूब-पंक्चरची कला’ म्हणायचे आणि हे करणाऱ्याला चोर.

सर घड्याळ लावून उभे होते. उजव्या मनगटावर डावा हात घट्ट धरलेला. ही सरांची खास ऐट. आम्ही चौघं-पाचजण चित्राचा विचार करताना तसंच उभे राहायचो.

पाचव्या मिनिटाला तळवा चुरचुरायला लागला. आठव्या मिनिटाला मनगटापर्यंत गांधी.

“बघा,” सर म्हणाले. “हा हात खोटं बोलत नाही.”

“हात कशाला बोलायला पाहिजे?” बाई म्हणाल्या. “मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. लावलं रबर. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, धोतराची कड दिसत नाही. पावसात छत्री घेतली म्हणजे काय चोरी होते का, सर?”

“पुढच्या रविवारपासून येऊ नका.”

शेडमध्ये कुणी श्वास घेतला नाही. मी घेत होतो, पण मला जड जात होतं. बाईंनी ब्रश धुतले, डबा मिटला, चित्र काखेला मारलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता शिव्या.

“गार पाण्यात धरा हात,” त्या म्हणाल्या. “आणि खाजवू नका. ओठ सुजायला लागलाय तुमचा.”

ओठ खरंच सुजला होता. पंधरा मिनिटांत तो उंबरासारखा झाला, मग डोळा झाकला, आणि मग सरांनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, “रबराला हात कसा काय लागला?”

“परीक्षा होती,” मी म्हणालो.

“कुणाची?”

मी सरांकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“पुढच्या वेळी घसा सुजेल,” डॉक्टर म्हणाले. “मग परीक्षकही राहायचा नाही.”

सरांनी मला घरी सोडलं आणि तीच रिक्षा घेऊन ते पुढं गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. मी शेटे अण्णांच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकं पांगेपर्यंत उगाच कागद चाचपत उभा राहिलो. सांगलीत चित्रकलेचं चांगलं सामान तेव्हा अण्णांकडंच मिळायचं.

“अण्णा, एक विचारायचं होतं. मास्किंग फ्लुइड.”

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “सरांचे विद्यार्थी ना तुम्ही?”

“एका मित्रासाठी पाहिजे.”

“सगळ्यांना मित्रासाठीच पाहिजे असतं. सरांच्या क्लासचे लोक यायला लागल्यापासून माझ्याकडं हे जोरात खपतंय, आणि वापरणारा मात्र एकजण भेटत नाही.”

“तसलं नको. रबर नसलेलं.”

“बिनरबराचं मास्किंग म्हणजे बिनदुधाचं दही की ओ.”

“मित्राला अ‍ॅलर्जी आहे.”

अण्णा माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिले. गांधी गेल्या होत्या, पण खाजवल्याचे ओरखडे होते. मी हात खिशात घातला.

हे मी का करत होतो? दर डिसेंबरात सरांचं प्रदर्शन भरायचं आणि सर प्रत्येक विद्यार्थ्याचं एकेक चित्र त्यात लावायचे. माझं सोडून. चार वर्षं मी बगळे काढत होतो आणि चार वर्षं सर म्हणत होते, “उशी फाटलीय.” बाईंची धोतरं बघितल्यावर मला कळलं होतं की माझ्यात आणि भिंतीत फक्त एक बाटली आहे. ज्या माणसाच्या हातानं बाईंना हाकललं, तोच हात आता ती बाटली मागत होता.

“येतं तसलं,” अण्णा शेवटी म्हणाले. “परदेशी. कृत्रिम चिकाचं, वास नाही, काही नाही. मुंबईच्या माणसाकडनं मागवायला लागतं. दोन बाटल्या सांगितल्यात. येतील महिन्याभरात.”

“मग एक मला.”

“दोन्ही बोललेल्या आहेत.”

“कुणी?”

“रंगाचं दुकान आणि गुप्तरोगाचा दवाखाना, मगदूम साहेब. नाव सांगायची पद्धत नाही.”

मी घरी आलो ते डोकं तापवूनच. साऱ्या सांगली-मिरजेत रबर न सोसणारा चित्रकार मी एकटा. मग बिनरबराची बाटली हवीय कुणाला? उत्तर सरळ होतं. ज्याला माझ्या हाताची भीती आहे त्याला. क्लासमधलाच कुणीतरी पुढच्या परीक्षेची तयारी करत होता. पुढचे तीन रविवार मी चित्र कमी काढलं आणि लोकांची बोटं जास्त बघितली. बँकेतल्या फडतऱ्यांनी चित्रावर फुंकर मारली तरी मला संशय यायचा. क्लासमधल्या चौघांची चार नावं वहीत लिहिली, समोर कारणं लिहिली. केमिस्टला तक्ते करायची सवय असते. पाचवं नाव लिहायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

सरांचे बगळे अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होते. काळ्या रानात ट्रॅक्टर नांगरत चाललाय, आणि मागं तीस-चाळीस बगळे, एकेक तांदळाएवढा, ओल्या रंगात कागद राखून सोडलेला. जुने विद्यार्थी शपथेवर सांगायचे की दहा वर्षांपूर्वी सरांनी त्यांच्यासमोर एका दमात असलं चित्र केलं होतं. आम्हाला मात्र ते भाग्य नव्हतं. आम्हाला सर मोठ्या ब्रशनं आभाळ दाखवायचे, डोंगर दाखवायचे. बगळे असले की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.

“बगळे माणसांना बुजतात,” सर म्हणायचे.

आम्हाला हे फार खोल वाटायचं. फडतऱ्यांनी तर ते वहीत उतरवून घेतलं होतं.

त्या खोलीतून कधीकधी अमोनियाचा वास यायचा. “फिनेल,” सर म्हणायचे आणि उदबत्ती लावायचे. मी केमिस्ट. फिनेल आणि अमोनिया मला झोपेतसुद्धा वेगळे कळतात. पण गुरूच्या घरातला वास गुरू म्हणतील तोच असतो.

नोव्हेंबरच्या शेवटी मी सरांच्या घरी आमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा द्यायला गेलो. सर कोल्हापूरला गेले होते. जिन्यातच इंदूकाकूंचा आवाज आला.

“कोण आहे? मगदूम का? आधी वर या हो! टाकी भरून वाहतेय आणि सगळं पाणी आतल्या खोलीत गळतंय. ह्यांची चित्रं!”

आतल्या खोलीत मी पहिल्यांदा पाय टाकला. छतातून थेंब पडत होते आणि खाली टेबलावर प्रदर्शनाची चित्रं पसरलेली, नुसती, काचेशिवाय. मी एकेक करून उचलली आणि बाहेर हॉलमध्ये नेऊन ठेवली. सहा चित्रं, सगळी बगळ्यांची. ट्रॅक्टरवाल्या मोठ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक थेंब पडून डाग उठला होता, रुपयाएवढा. मी तो फडक्यानं टिपला. काकू चहा ठेवायला गेल्या.

चहा यायच्या आधीच माझा तळवा चुरचुरायला लागला.

मी मनाशी म्हटलं, टाकीचं पाणी. मग म्हटलं, फडकं. मग उठलो, न्हाणीघरात जाऊन दोन्ही हात साबणानं धुतले आणि लॅबमध्ये करतो तसं केलं. हॉलच्या भिंतीवर सरांचं जुनं चित्र होतं, त्यावर बारा वर्षांपूर्वीची तारीख. काच काढली. डावा हात त्या जुन्या बगळ्यांवर ठेवला. उजव्याचं एक बोट नव्या बगळ्यांवर. फक्त एक बोट. डॉक्टरांनी सांगितलेला घसा माझ्या लक्षात होता.

डावा हात स्वच्छ. उजवं बोट दहा मिनिटांत भेंडीएवढं.

“अगंबाई, पित्त उठलं वाटतं,” काकू चहा घेऊन आल्या. “थांबा, आमसूल भिजत घालते. लावा त्यावर. काय खाल्लं होतं?”

“काही नाही काकू,” मी म्हणालो. “लागलं काहीतरी.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं, चित्रांकडं बघितलं, आणि त्या आमसूल आणायला गेल्या. हे सरांच्या कानावर जाणार हे मला तेव्हाच कळलं.

तिथून मी सरळ हेर्लेकर बाईंकडं गेलो. महिन्या-दीड महिन्यात मी त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. आता माझ्याकडं न्यायची वस्तू होती. बाई अंगणात पेरूला पाणी घालत होत्या. मी बोट पुढं केलं.

“काय झालं?”

“सरांचे बगळे,” मी म्हणालो. “रबर आहे. सगळे. नवे सगळे.”

बाईंनी बोट नीट बघितलं, नळ बंद केला.

“जुने?”

“जुन्यांत काही नाही. जुने खरे आहेत.”

“मग झालं तर.”

“झालं तर काय? बाई, त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर हाकललं! आणि स्वतः आत दार लावून—”

“मला माहीत होतं.”

मी बोट खाली घेतलं.

“चाळीस वर्षं पाकिटं न फोडता आतलं ओळखत आलेय मी,” बाई म्हणाल्या. “सर पूर्वी चहा बशीत ओतून प्यायचे. तीन वर्षं झाली, बशी सोडली. कप घेतात तोही अर्धा. आणि ते मनगट धरून उभं राहणं. तुम्ही खुळे सगळे तसंच उभे राहता. अहो, ती ऐट नाही, हात थरथरतो त्यांचा. धरला नाही तर दिसतो.”

माझा डावा हात तेव्हा माझ्या उजव्या मनगटावर होता. मी तो सोडला.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“त्यांनी मला चोर म्हटलं,” बाई म्हणाल्या. “म्हणून मी काय त्यांना चारचौघांत म्हातारा म्हणायचं? चहा घेणार का?”

मी चहा घेतला. दिवसातला दुसरा.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. उद्घाटनाला सरांचे कोल्हापूरचे वर्गमित्र सावर्डेकर आले होते. सहा फूट, पांढऱ्या मिशा, आवाज गल्लीपर्यंत. शंभरेक लोक, पेढे, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. माझं चित्र नव्हतंच. हेर्लेकर बाई मागच्या दारानं येऊन शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

सावर्डेकर ट्रॅक्टरवाल्या चित्रापुढं थांबले. काच नव्हती. सर प्रदर्शनात कधीच काच लावू द्यायचे नाहीत, कागद दिसला पाहिजे म्हणून.

“काय लेका कबनुऱ्या,” सावर्डेकर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे म्हणाले, “या वयात एवढे बगळे? आमचे हात आता सही करताना लटपटतात. का लावतोस गुपचूप रबर?”

लोक हसले. तो विनोद होता, पण विनोदाला टोक होतं. सर हसले नाहीत.

“मगदूम,” त्यांनी हाक मारली, “इकडं या. हात धुऊन या.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या हाताची कीर्ती एव्हाना पसरली होती. बाईंची गोष्ट क्लासबाहेर गेली होती, बहुतेक फडतऱ्यांच्या वहीतून.

मी हात धुवायला गेलो आणि नळाखाली बराच वेळ उभा राहिलो. पळून जाता आलं असतं, मागचा जिना तिथूनच होता. सर असं का करतायत? त्यांना ठाऊक आहे. काकूंनी सांगितलंय. का माझ्यावर भरवसा आहे, की गांधी उठल्या तरी मी बाही खाली ओढून गप्प बसेन? मला गप्प बसता येईल, पण ओठाला कोण गप्प बसवणार?

मी परत आलो तेव्हा सगळे कडं करून उभे होते. सर चित्राशेजारी. डावा हात उजव्या मनगटावर.

“सर, नको,” मी हळूच म्हणालो.

“ठेवा हात.”

“अहो काय चाललंय!” मागून बाई उठल्या. खुर्ची करकरली. “तो माणूस आहे का टीपकागद? मागच्या वेळी तोंड सुजलं होतं त्याचं. आता घसा सुजला तर जबाबदार कोण?”

सर वळले. दोनेक महिन्यांनी ते बाईंकडं बघत होते.

“नाही सुजणार, बाई,” ते म्हणाले.

ते इतकं हळू म्हणाले की पुढच्या दोघा-तिघांनाच ऐकू गेलं असेल. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग चित्राकडं, आणि त्या खाली बसल्या. मीही चित्राकडं बघितलं. तोच ट्रॅक्टर, तेच काळं रान. उजव्या कोपऱ्यात थेंबाचा डाग मात्र नव्हता. चित्र नव्यानं काढलेलं होतं.

मी सबंध तळवा बगळ्यांवर ठेवला.

दहा मिनिटं हा फार मोठा वेळ आहे. कुणीतरी पेढा खाल्ला तो ऐकू आला. फोटोग्राफरनं माझ्या हाताचा फोटो काढला. माझ्या आयुष्यात प्रदर्शनाच्या भिंतीवर लागलेली ती माझी पहिली वस्तू. पाचव्या मिनिटाला मला चुरचुरल्यासारखं वाटलं, पण तो घाम होता. सातव्या मिनिटाला सावर्डेकर माझ्या मनगटावर वाकून बघायला लागले. त्यांच्या मिशा टोचत होत्या.

“झाली दहा,” सर म्हणाले.

मी हात उचलला. तळवा न्हाऊन आलेल्या बाळासारखा स्वच्छ होता.

“मानलं लेका!” सावर्डेकरांनी सरांना मिठीच मारली. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझ्या हाताचा फोटो आला, खाली ‘जाणकार रसिक’ असं लिहून.

सोमवारी मी शेटे अण्णांच्या दुकानात गेलो. या वेळी गिऱ्हाइकं पांगायची वाट बघितली नाही.

“त्या दोन बाटल्या सरांनी नेल्या.”

अण्णा हिशेबाच्या वहीतून वर बघेनात.

“अण्णा, मी विचारत नाही, सांगतोय. एवढंच विचारतो, मागवल्या कधी? माझं बोट सुजल्यावर ना? मी ओळखलं म्हटल्यावर?”

“कुठलं बोट?” अण्णा म्हणाले. “तुमचा ओठ सुजला होता त्या दिवशी. रविवारचं दुकान बंद, तर घरी आले. रिक्षातनंच आले होते, दवाखान्यातनं. म्हणाले, असलं मागवा की कुणाचा हात लागला तरी माणसाला काही होता कामा नये.” त्यांनी जीभ चावली. “बघा, नाव सांगायचं नव्हतं मला.”

मी दुकानाबाहेर येऊन सायकलच्या कुलपाशी खटपट करत उभा राहिलो. म्हणजे मला कशाचाही संशय यायच्या आधीच. मग ते माझ्या घशाच्या काळजीनं होतं, की माझ्या हाताच्या धास्तीनं? माझ्यासाठी की माझ्यापासून? आज या गोष्टीला बावीस वर्षं झाली. त्या प्रश्नाच्या दोन्ही रकान्यांत मी आळीपाळीनं खुणा करत आलोय, आणि तक्ता अजून पुरा झालेला नाही.

रविवारी क्लास सुटल्यावर सरांनी मला मागं थांबवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू हातात दिली. गुंडाळी सैल होती. घट्ट गुंडाळता आली नसावी.

“हेर्लेकर बाईंना द्या,” ते म्हणाले. “म्हणावं, रविवारी या. नऊला सुरू होतं.”

“त्यांना माहीत आहे, सर. नऊला सुरू होतं ते.”

“तरी सांगा.”

मी बाईंकडं गेलो. बाईंनी कागद सोडला, बाटली उजेडात धरली, भिंगाच्या अगदी जवळ नेऊन लेबल वाचलं. अर्धी वापरलेली होती.

“येईन म्हणावं,” त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात परत दिली. “हे मला काय करायचंय? मला रबर चालतं. न चालणारे तुम्ही. तुम्हीच ठेवा.”

“सरांनी तुम्हाला दिलंय.”

“पोस्टात होते मी, मगदूम. पत्ता एकाचा आणि पत्र दुसऱ्याचं, असं रोज बघायचे. ठेवा.”

पुढच्या डिसेंबरात माझं चित्र भिंतीवर लागलं. वांगी गावच्या वाटेवरचं उसाचं कापलेलं रान आणि त्यात अकरा बगळे. उद्घाटन आटोपलं होतं, लोक पेढ्यांकडं वळले होते. सर माझ्या चित्रापुढं येऊन उभे राहिले. उजव्या मनगटावर डावा हात. शेजारी हेर्लेकर बाई, मोतीबिंदू काढून नव्या चष्म्यात.

“कागद छान राखलाय, मगदूम.”

“तुमच्याकडूनच शिकलो, सर.”

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. नवा होता, पुसायची काही गरज नव्हती.

सर चित्राच्या आणखी जवळ गेले. एका बगळ्यापाशी नाक नेलं.

“हा सातवा,” ते हळू आवाजात म्हणाले. “याची कड फाटलीय. घाई केलीत. पूर्ण वाळू द्यायचं. आणि चोळताना बाहेर नाही न्यायचं, आत आणायचं. इकडं द्या हात.”

त्यांनी डाव्या हातातलं मनगट सोडलं आणि उजव्या हातानं माझं बोट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, झाडाखालून उचललेल्या पाखरासारखा, आणि त्या थरथरीसकट ते माझं बोट कागदावर ठेवून एकेक कड आत कशी आणायची ते दाखवायला लागले.

मागं कुणाची तरी पावलं वाजली. बाई आमच्या पाठीशी सरकल्या आणि लोकांकडं तोंड करून, पदर पसरून उभ्या राहिल्या.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथं.”